झोपेसाठी विजया तेल की झोपेची वही?

बाबांच्या आजारपणातल्या शेवटच्या सात महिन्यांत मी रोज रात्री पावणेतीनला उठायचो. त्यांची कूस बदलायची, दोन चमचे पाणी पाजायचं, पुन्हा आडवं व्हायचं. बाबा गेले, पण पावणेतीनची जाग गेली नाही. पुढे पुढे तर आधीची झोपही लागेनाशी झाली. दीड वर्ष असं काढल्यावर मी दोन उपाय केले. आधी वैद्यांच्या चिठ्ठीवर विजया तेल, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचं औषधी तेल, आणि त्यानंतर सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तनचिकित्सा. आमच्या घरात तिचं नाव 'झोपेची वही' असं पडलंय. आता ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतं की या दोन्हींतलं काय करू. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगतो तेच इथे सलग लिहितोय. मी डॉक्टर नाही, फोर्टमधल्या एका कंपनीत हिशेब बघतो. त्यामुळे हे सगळं माझ्यापुरतं आहे असं धरूनच वाचा.

दोन गोष्टी मी तुलनेतून आधीच बाजूला काढतो. एक, झोपेची गोळी. फॅमिली डॉक्टरांनी झोल्पिडेम दहा दिवस दिली, झोप लागली, आणि त्यांनीच ती थांबवली. झोपेत चालणं, झोपेतच गाडी काढणं असे प्रकार होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये या गोळीवर आपला सर्वात कडक इशारा लावला. आठ-दहा दिवसांच्या अडचणीला ती ठीक आहे, दीड वर्षाच्या दुखण्याला नाही.

दुसरी गोष्ट गांजा. चाळीतला जुना मित्र म्हणाला, "अरे, रात्री दोन दम मार, ढाराढूर झोपशील." तो मनापासून सांगत होता. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात झाडाचे फुलोरे, म्हणजे गांजा, आणि चरस हे दोन्ही येतात, आणि नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय ओढलेल्याचा अंमल दोन-तीन तासांत ओसरायला लागतो. माझं दुखणं पावणेतीनचं, त्याला त्याचा काय उपयोग?

त्याच झाडाची नुसती पानं, म्हणजे भांग, मात्र त्या व्याख्येत येत नाहीत. ती राज्याच्या अखत्यारीत आहेत, आणि आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगही परवान्याशिवाय चालत नाही. उरतो तो आयुर्वेदिक औषधाचा रस्ता. पानांच्या अर्काचं, परवाना असलेल्या कंपनीने बनवलेलं तेल, वैद्यांच्या चिठ्ठीवर. औषध कायद्याखालच्या नियमांच्या ई-१ या परिशिष्टात भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या' असं छापावं लागतं. चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. दुबई किंवा सिंगापूरला जाणार असाल तर बाटली घरीच राहू द्या. तिथे आपली चिठ्ठी दाखवून सुटका होणार नाही.

आता तेलाबद्दल प्रामाणिकपणे चांगलं बोलायचं तर पहिले दोन आठवडे मला ते देवासारखं धावून आलं असंच वाटलं. दादरच्या वैद्यबाईंनी सगळं विचारून घेतलं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, घोरता का, घरात कोणाला मानसिक आजार आहे का. मग तीन थेंबांपासून सुरुवात करायला सांगितली. तेल जिभेखाली धरायचं. वास वाळलेल्या गवतासारखा, चव कडवट, आणि मागे घशात थोडी खवखव. चौथ्या रात्री मी सलग सव्वापाच तास झोपलो. सकाळी बायको म्हणाली, "अहो, आज तुम्ही एकदाही उठला नाहीत." तिच्या आवाजातला सुटकेचा भाव मी विसरणार नाही. माझ्याबरोबर तीही दीड वर्ष जागीच होती.

वहीने असं काही सुरुवातीच्या आठवड्यांत दिलं नाही. उलट तिने होती ती झोपही काढून घेतली. सुरुवातीचे हे पंधरा दिवस बघायचे तर तेल सरळ पुढे आहे. लग्न, परीक्षा किंवा ऑफिसचं वर्षअखेर तोंडावर असेल तर हा फरक लहान नाही.

पण तीन थेंबांचे पाच झाले, पाचांचे आठ. शरीर टीएचसीला, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या द्रव्याला, सरावतं, हे वैद्यबाईंनी आधीच सांगितलं होतं. आठवर त्यांनी हात आखडला, आणि ते बरोबरच होतं. सकाळी डोकं जड असायचं. दुखायचं नाही, पण डोळ्यांपुढे ओला पडदा असल्यासारखं वाटायचं. आठ वाजताच्या स्लो लोकलने विक्रोळीहून सीएसएमटीला पोहोचेपर्यंत तो निम्मा सरकलेला असे. जीएसटीच्या नोंदी मी एकदा तपासतो, त्या दिवसांत तीनदा तपासायला लागलो. माझ्याकडे मोजमाप म्हणाल तर एवढंच.

आणखी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. त्या अडीच महिन्यांत मला एकही स्वप्न पडलेलं आठवत नाही. टीएचसीने स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, कमी होते आणि ते थांबवल्यावर उसळून परत येते, हे नंतर समजलं. मी तेल हळूहळू कमी करत बंद केलं, तरी चार-पाच रात्री फार वाईट गेल्या. नेहमी घेणाऱ्याने गांजा-भांग सोडली की निद्रानाश होतो, हे वैद्यकाने सोडण्याच्या लक्षणांत धरलेलंच आहे. मग स्वप्नं आली. रोज बाबा. घाटकोपरच्या पुलावर उभे, हातात भाजीची पिशवी, आजारपणाआधीचे, धडधाकट. जागा झालो की उशी ओली. अडीच महिने ते माझ्या झोपेत आलेच नव्हते. हे चांगलं की वाईट, हे मी ठरवू शकत नाही. पण तेल घेणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं असं वाटतं, विशेषतः घरात कोणी गेल्यावर ज्यांची झोप गेली आहे त्यांना.

तरीही तेल मी या कशामुळे सोडलं नाही. सोडलं ते रात्री साडेनऊच्या प्रश्नामुळे.

तेल पोटातून चढतं. जिभेखाली कितीही धरलं तरी बरंचसं गिळलंच जातं. गिळलेलं टीएचसी यकृतातून जातं, तिथे त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं, आणि मग ते डोक्यापर्यंत पोहोचतं. यात कधी अर्धा तास जातो, कधी दोन. पोटात काय आहे, जेवण तुपातेलाचं होतं की नुसती मुगाची खिचडी, यावरही ते ठरतं. शार्ङ्गधरसंहितेत भांगेला 'व्यवायी' म्हटलंय, म्हणजे पचण्याआधीच अंगभर पसरणारी. माझ्या अंगात मात्र ती कधी येईल याचा अंदाज मला अडीच महिन्यांत बांधता आला नाही. अकराला झोपायचं तर साडेनऊला घ्यायला हवं. बाराला घेतलं तर सकाळ गेलीच.

म्हणजे रोज साडेनऊला, भांडी घासून होताहेत, मुलगी दहावीची पुस्तकं पसरून बसली आहे, बातम्या चालू आहेत, अशा वेळी मी बाटली हातात घेऊन स्वतःला विचारायचो: आज झोप लागेल का? लागणार असेल तर घ्यायला नको, कारण बाईंनी रोज घेऊ नका असं बजावलं होतं. लागणार नसेल तर आत्ताच घ्यायला हवं. दिवस कसा गेला, दुपारी चहा किती झाला, काल किती झोपलो, सगळ्याचा हिशेब मांडायचा. आणि हा हिशेब मांडला की झोप गेलीच. न घेता आडवा झालो तर अकराला वाटायचं, घ्यायला हवं होतं. घेऊन आडवा झालो तर छातीकडे लक्ष, चढतंय का, चढतंय का. ज्याची झोप गेलीय त्याला ठाऊक आहे की झोपेची वाट बघणं हाच निम्मा आजार असतो. माझ्या बाबतीत त्या बाटलीने ही वाट बघायची वेळ अकरावरून साडेनऊवर आणून ठेवली. झोप मिळाली त्या रात्रीसुद्धा संध्याकाळ तिने खाल्ली होती.

वहीत हा प्रश्नच नाही. महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात मला सहा वेळा बोलावलं. पहिले दोन आठवडे फक्त नोंदी: किती वाजता आडवा, साधारण किती झोप, किती वाजता उठलो. निघालं असं, की दहा ते सहा मी अंथरुणात असतो आणि झोपतो सव्वापाच तास. मॅडमनी सांगितलं, "साडेबाराच्या आधी अंथरुणात जायचं नाही. कशीही रात्र गेली तरी सहाला उठायचं. दुपारी डुलकी नाही." झोप लागो न लागो, साडेबारा म्हणजे साडेबारा. ठरवायला काही उरलंच नाही. पहिल्याच संध्याकाळी मला ते जाणवलं, आणि त्या रात्री मी फार झोपलो नाही तरी हलकं वाटलं.

ही पद्धत नवी नाही. जाग आली तर अंथरुण सोडा, हा नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला. अंथरुणातला वेळच आखडायचा, ही युक्ती आर्थर स्पीलमन यांची, १९८७ ची. जुन्या निद्रानाशावर आधी हीच चिकित्सा द्यावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं. तरी पहिले तीन आठवडे मोठे कठीण जातात, हे लपवणार नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळालं आणि विक्रोळीऐवजी ठाण्याला जाग आली, असं दोनदा झालं. त्या दिवसांत स्कूटर मी खालीच ठेवली होती. वाहन किंवा मशीन चालवणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलूनच करावं. फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असेल तर जागरणाने तो उसळू शकतो, तेव्हा तर स्वतःहून मुळीच नको.

आणि मुंबईतली अडचण वेगळीच आहे. नियम म्हणतो, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा. आमचं कन्नमवार नगरातलं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खाली आई, पलीकडे मुलगी, मी उठलो की सगळ्यांची चुळबुळ. पहिल्या रात्री आईने अंधारातूनच विचारलं, "काय रे, बरं वाटत नाही का?" बाबांच्या वेळची सवय तिलाही होतीच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं की मी रात्री उठणार आहे, ते उपचार म्हणून, आजार म्हणून नाही. ओट्यापाशी एक स्टूल ठेवलं, देव्हाऱ्याजवळचा छोटा दिवा, आणि माळ्यावरून काढलेले जुने दिवाळी अंक. मोबाइल आईच्या उशाशी. तेलासाठी घरातल्या कोणाला काही सोसावं लागलं नव्हतं. वहीसाठी लागलं.

झोप अंथरुणातल्या वेळाच्या ८५ टक्क्यांवर एक आठवडा टिकली की पंधरा मिनिटं वाढवून मिळत. अडीच महिन्यांनी मी साडेअकरा ते सहा झोपू लागलो. पावणेतीनची जाग अजून येते, पण बऱ्याचदा कूस बदलून संपते. पहाटे पाणी आल्याचा आवाज मी आता क्वचितच ऐकतो.

तेल कोणासाठीच नाही, असं मी म्हणत नाही. सतत दुखण्यामुळे ज्यांची झोप मोडते, सांधे, नसा, कॅन्सरनंतरच्या वेदना, त्यांचं गणित वेगळं आहे. तिथे अशा औषधाने दुखणं आणि झोप दोन्हींत थोडा फरक पडल्याचे पुरावे आहेत. वही दुखणं थांबवू शकत नाही. तुम्ही त्यांतले असाल तर वैद्यांकडे किंवा पेन क्लिनिकला जरूर विचारा. मात्र चालू गोळ्यांची सगळी यादी घेऊन जा, कारण सीबीडी या भांगेतल्याच दुसऱ्या द्रव्यामुळे वॉरफरिनसारख्या (रक्त पातळ करणाऱ्या) काही औषधांचा अंमल वाढतो. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर ते घेऊ नका. मोठ्याने घोरणारे, मध्येच श्वास अडकून दचकून उठणारे असाल तर आधी तपासणी करा. झोपेत असा श्वास अडकण्यावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, गांजाजन्य औषध वापरू नये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१८ मध्येच सांगितलंय. घरात कोणाला सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा मानसिक आजार, झालेला असेल, किंवा गरोदरपण असेल, तर विषयच सोडा. ज्यांच्या नोकरीत लघवीची तपासणी होते त्यांनीही. रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते बंद केल्यावर कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे सापडतं.

दुखणं नाही, नुसती झोपच रुसली आहे, अशांनी मला विचारलं तर मी आधी वहीचं नाव घेतो. सहा फेऱ्या आणि तीन वाईट आठवडे द्यायची तयारी हवी, आणि घरातल्यांना आधी सांगायला हवं. उरलेलं तेल मी वैद्यबाईंना विचारून टाकून दिलं. स्टूल अजून ओट्यापाशीच आहे. गेल्या महिन्यात दोनदा लागलं.