शहापुरातल्या सराफाकडं केलेली पुतळीमाळ

बहिणीच्या लग्नाला पुतळीमाळ बेळगावच्या शहापुरातल्या एका जुन्या सराफाकडं केली, माळ हातात आली म्हणून लिहितोय. दुकान लहान, एसी बिसी काय नाही, काका एका गिऱ्हाईकाशी कन्नडात बोलता बोलता आपल्याशी मराठीत सुरू होतात, पण पुतळीवरचं काम बघायचं आसंल तर इथंच जावा.

बाकी ठिकाणी पुतळी म्हणून जे देतात त्यावर देव हाय की बाहुली तेच कळत नाही. काकांनी आधी जुनी अस्सल पुतळी भिंगाखाली दाखवली, म्हणजे इटलीतल्या व्हेनिसचं डुकॅट, सोन्याचं नाणं. एका बाजूला संत मार्क उभा आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून झेंडा घेणारा तिथला डोजे (हा निवडून आलेला प्रमुख, राजा नव्हं), दुसऱ्या बाजूला लांबट चौकटीत येशू आणि भोवती चांदण्या. १२८४ ला पहिल्यांदा पाडलं आणि १७९७ ला नेपोलियननं व्हेनिसची सत्ता बुडवेपर्यंत चित्र जवळजवळ तेच, डोजेचं नाव तेवढं बदलायचं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शुद्ध, मग व्यापारात इकडं कोण नको म्हणणार! आपल्याकडच्या नकलांवर लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्यात. आणि आमच्या घरी दसऱ्याला ह्याच येशूला हळदकुंकू लागतंय, कुणाला काय वाटत नाही.

काकांचा नवा ठसा ह्या जुन्या नाण्यावरून केलाय, डोजेचा गुडघा आणि झेंड्याची काठी नीट दिसते. पण नव्या पुतळ्या पातळ असतात, जुन्या वजनाच्या नव्हं, ते त्यांनी आधीच सांगितलं आणि समोर वजन करून दिलं. हॉलमार्क बिल सगळं बरोबर. घडणावळ मात्र लई लावतात, घासाघीस करून थोडी कमी झाली, आणि पटवेकऱ्याकडून ओवून यायला तारीख दोनदा पुढं गेली, लग्न तोंडावर असलं तर इथं देऊ नका.

गिन्या, म्हणजे इंग्रजांची सोन्याची नाणी, पण हायत त्यांच्याकडं. २२ कॅरेट, आठ ग्रॅमला जरा कमी. व्हिक्टोरिया राणीची पदर घेतलेली १८९३ नंतरची, मागं पिस्त्रुची नावाच्या नक्षीकारानं १८१७ ला केलेला घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली ड्रॅगन, आई बघून म्हणाली हा तर आपला खंडोबा. गिनी घेतलीत तर तिला कडी डागून घेऊ नका, संग्राहक मग नुसत्या सोन्याचाच भाव देतात, हे पण काकांनीच सांगितलं, स्वतःची मजुरी बुडत असून.