धंतोलीतील एमएसयूडी आहार सल्ला सेवा : एका पालकाचा अभिप्राय

आमच्या मुलीला एमएसयूडी, म्हणजे मेपल सिरप युरिन डिसीज, असल्याचे निदान झाल्यापासून आम्ही नागपूरच्या धंतोलीतील एका खासगी बालरुग्णालयाच्या आहार सल्ला विभागात जातो. विदर्भातल्या अशा इतर पालकांना उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

या आनुवंशिक आजारात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही प्रथिनांतली अमिनो आम्ले शरीराला नीट मोडता येत नाहीत आणि ल्युसिन साठले की मेंदूला सूज येण्याचा धोका असतो; म्हणून ही तिन्ही वगळून केलेली विशेष पावडर आणि मोजून दिलेले आईचे दूध यांवरच बाळ वाढवावे लागते. येथील आहारतज्ज्ञ मॅडम हे गणित आईवडिलांना जमेपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. या आजारात लघवीला गोडसर वास येतो; दुपट्यांना येणारा तो वास बाळंतिणीच्या मेथीच्या लाडवांचा वाटला, म्हणून सासूबाई स्वतःला बोल लावत होत्या. मेथीनेही तसाच वास येतो, हे मॅडमनी त्यांना शेजारी बसवून समजावले, तेव्हा कुठे त्या जेवू लागल्या.

सर्वांत मोलाचा आहे तो आजारपणाच्या दिवसाचा कागद. ताप किंवा उलट्या सुरू झाल्या की शरीर स्वतःचीच प्रथिने मोडू लागते आणि ल्युसिन झपाट्याने चढते. अशा वेळी आहारातली प्रथिने किती काळ थांबवायची, ग्लुकोजचे पाणी किती पाजायचे आणि कोणते लक्षण दिसताच रुग्णालय गाठायचे, हे त्यावर बाळाच्या वजनानुसार लिहिलेले असते. एका रात्री दुसऱ्या रुग्णालयातील ड्यूटी डॉक्टरांना हा आजार ठाऊक नव्हता. त्यांनी तो कागद वाचला, आमच्या डॉक्टरांना फोन केला आणि लगेच ग्लुकोजचे सलाइन लावले.

आता मुलगी वरचे खाऊ लागली आहे. वरण चमच्याने नव्हे, ग्रॅमच्या काट्यावर मोजून देतो. पोट भरते ते पाण्यात शिजवलेल्या साबुदाण्याच्या खिरीने, कारण साबुदाण्यात प्रथिने नावापुरतीच असतात.

उणिवाही गंभीर आहेत. रविवारी विभागाचा फोन कोणी उचलत नाही आणि या आजारात ते मुळीच चालण्यासारखे नाही. पावडरचा डबा येथे मिळत नाही. रक्ताचा नमुना बाहेरगावी जात असल्याने अहवालाला वेळ लागतो.

खर्चाची चिंता असलेल्यांनी मदतीच्या अर्जाबद्दल पहिल्याच भेटीत विचारावे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात एमएसयूडीचा समावेश असून नेमलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय अशा केंद्रांपैकी एक आहे. तेथे न्यायच्या कागदपत्रांची यादी मॅडम स्वतः करून देतात.