ब्रशलेस स्पीडबोट की शिडाची बोट?

मोठ्यांनी खेळायची रिमोटची बोट म्हटली की पहिला मोह वेगाचा. ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेल्या) मोटरची, व्ही आकाराच्या तळाची स्पीडबोट ३एस लिपोवर (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, ११.१ व्होल्ट) सुटते तेव्हा मजा येतेच. पण पूर्ण वेगात दहा-एक मिनिटांत बॅटरी संपते. मग काठावर बसून राहा! त्यात आपलं गोव्याचं पाणी. मांडवी-झुआरीच्या मुखाकडे ते खारं, म्हणजे प्रत्येक फेरीनंतर बोट गोड्या पाण्यानं धुवायची, पंख्याचा दांडा पुसून ग्रीस भरायचं, नाहीतर बेअरिंग गंजलंच समजा. मोटर थंड ठेवणारी बारीक नळी शेवाळानं तुंबली तर तिच्याच पाण्यावर थंड राहणारा स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग, जळतो. माझा एक असाच गेला. घरात बरंच ऐकावं लागलं.

शिडाच्या बोटीत हा व्याप कमी. ६५० मिलिमीटरची ड्रॅगनफोर्स ६५ पाहा: एक सर्वो (रिमोटच्या इशाऱ्यावर फिरणारी छोटी मोटर) सुकाणूला, एक शिडाच्या दोरीला, बस्स. बॅटरी कितीतरी जास्त टिकते, आवाज नाही. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की मयेच्या तळ्यासारख्या शांत पाण्यावर ती चालवायला खरं कसब लागतं.

अडचण एवढीच, खाली वजनदार कील (तोल सांभाळणारं लांब पातं) असल्यानं उथळ पाण्यात ती रुतते, आणि वारा पडला की मधोमध थांबते. ओहोटीच्या नदीत तर सोडूच नका, थेट अरबी समुद्र गाठेल.

रविवारी तासभरच मिळत असेल तर स्पीडबोट ठीक. मी मात्र शिडाचीच घेईन, पोहता येणारा भाचा सोबत नेऊन.