एएमटी की सीव्हीटी? शहरात रोज गाडी चालवणाऱ्यासाठी

पहिली ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्याचं बजेट दहा-बारा लाखांच्या आत असेल, तर चर्चा फिरून फिरून एएमटी आणि सीव्हीटी या दोनच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर येते. 2024 च्या अखेरीस तर हा प्रश्न अगदी समोरासमोर उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये मारुतीची नवी डिझायर आली ती एएमटी घेऊन, डिसेंबरमध्ये होंडाची नवी अमेझ आली ती सीव्हीटी घेऊन. दोन्ही चार मीटरच्या आतल्या सेडान, दोन्हींत 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन, आणि दोन्ही शोरूम बघून आलेला माणूस घरी येऊन कागदावर फीचर्सची यादी करत बसतो. माझं म्हणणं इतकंच आहे की टचस्क्रीन आणि सनरूफच्या आधी गिअरबॉक्सचा विचार करा, कारण गाडीशी तुमचा रोजचा संबंध त्याच्याशी येणार आहे.

ऑटोमॅटिकचे बाकी दोन प्रकार, म्हणजे तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स आणि दोन क्लचची डीसीटी, मी इथे बाजूला ठेवतो. मारुतीच्या फ्रॉन्क्स टर्बोमधला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर मला फार आवडतो, पण त्यासाठी इंजिन आणि व्हेरिएंट दोन्ही वरचं घ्यावं लागतं. आमच्याकडे आधी काही वर्षं एएमटी होती, आता सीव्हीटी आहे. रस्ते तेच, पुण्याचेच, चालवणारेही आम्हीच. त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं आहे, मोजमाप घेऊन काढलेलं नाही.

एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. तोच क्लच, तेच गिअर, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला ॲक्च्युएटर आणि त्याला हुकूम देणारा संगणक. आपल्याकडे हे तंत्र सर्वसामान्यांच्या गाडीत आलं 2014 मध्ये, सेलेरिओतून. ऑटोमॅटिक ही पैसेवाल्यांची चैन आहे हा समज त्या गाडीने मोडला, याचं श्रेय एएमटीला द्यायलाच हवं. मॅन्युअलपेक्षा साधारण 50 हजार जास्त मोजले की डाव्या पायाची सुट्टी. सीव्हीटीसाठी हाच फरक लाखाच्या आसपास जातो. ही तफावत छोटी नाही, आणि 2022 मध्ये नवी बलेनो आली तेव्हा जुन्या बलेनोतली सीव्हीटी जाऊन एएमटी का आली, याचंही उत्तर माझ्या मते बऱ्यापैकी याच आकड्यात आहे.

सीव्हीटीत ठरावीक गिअरच नाहीत. दोन पुली, त्यांच्यावर पोलादी पट्टा किंवा साखळी, आणि पुलींचा व्यास गरजेप्रमाणे कमीजास्त होत राहतो. तंत्र अजिबात नवं नाही. डच कंपनी डाफने 1958 मध्ये रबरी पट्ट्याची अशी मोटार लोकांसमोर आणली होती. आपल्याकडे 1984 ची कायनेटिक होंडा याच तत्त्वावर पळायची आणि आजची बिनगिअरची पेट्रोल स्कूटरही त्यावरच पळते. तेव्हा "सीव्हीटी टिकते का हो?" असं विचारणाऱ्याच्या घरी बहुधा एक सीव्हीटी आधीच उभी असते, रबरी पट्ट्याची का होईना.

सपाट रस्त्यावरच्या रहदारीत दोन्ही चालून जातात. एएमटीत पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना ओढ तुटते आणि मान किंचित पुढे जाते. याची सवय होते. गिअर बदलायच्या बेताला पाय थोडा सैल सोडला की हिसका जवळजवळ जातो, आणि महिन्याभरात हे आपोआप होऊ लागतं. घरात दुसरं कोणी चालवणारं असेल तर त्यांनाही ते शिकावं लागतं. माझ्या बायकोने ते लवकर उचललं. बाबांनी उचललं नाही, त्यांना रेस एकसारखी द्यायची जुनी सवय. सीव्हीटीत शिकण्यासारखं काही नाही. पाय ठेवा, गाडी निघते.

पण माझा कौल रहदारीत लागला नाही. तो लागला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

पुण्यातल्या बऱ्याच इमारतींसारखीच आमचीही रचना आहे. खाली स्टिल्ट पार्किंग, आत शिरायला चढ, चढाच्या टोकाला पावसाचं पाणी अडवायला केलेला सिमेंटचा उंचवटा आणि त्यालगत गटारावरची लोखंडी जाळी. आमची जागा अशी की गाडी रिव्हर्सनेच लावावी लागते. मागचं चाक आधी उंचवट्याला टेकतं, ते वर चढवायचं आणि चढल्यावर लगेच थांबायचं, कारण मागे हातभर अंतरावर खांब आणि शेजारच्यांची दुचाकी. मॅन्युअल गाडीत आपण काय करतो? हाफ क्लचवर गाडी धरतो, रेस बेताची देतो आणि इंचाइंचाने मागे घेतो. डावा पाय हे काम वर्षानुवर्षं बिनबोभाट करत असतो, त्यामुळे ते किती नाजूक आहे हे लक्षातच येत नाही.

एएमटीत तो हाफ क्लच तुमच्या हातात राहत नाही. ब्रेक सोडला की संगणक क्लच जोडू लागतो, गाडी सरकू लागते, चाक उंचवट्याला टेकतं आणि थांबतं. आता थोडी रेस द्यायची. थोडी दिली तर काही होत नाही. आणखी थोडी दिली तर क्षणभर काही होत नाही, आणि मग एकदम क्लच पकडतो, गाडी उंचवटा ओलांडून खांबाकडे झेपावते. उजवा पाय ब्रेकवर आदळावा लागतो. उलट पाय जरा लवकर काढला तर गाडी पुन्हा पुढे, उताराकडे घरंगळते. हिल होल्ड आहे ना, असं कोणी म्हणेल. हिल होल्ड गाडीला दोनेक सेकंद धरून ठेवतो, ते चढावर थांबून पुन्हा निघायला पुरेसं असतं. इथे दर वीतभर अंतराला थांबायचं आणि निघायचं असतं, त्याला तो पुरत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून लाखाचा निर्णय? मी म्हणेन, हो. हायवेवर ओव्हरटेक करताना अर्धा सेकंद उशीर झाला हे आपण संध्याकाळपर्यंत विसरतो. पण दिवसभर काम करून, रहदारी सोसून घराच्या दारात पोचल्यावर शेवटच्या दहा फुटांत रोज छातीत धस्स होणं हे विसरता येत नाही. त्यातून वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत मागे उभा असतो, आणि गाडी त्याच्याकडे झेपावली तर काय, हा विचार मला दर वेळी अस्वस्थ करायचा. पावसाळ्यात जाळी ओली असली की चाक आणखीच घसरायचं. बायकोने तर पार्किंगपुरती गाडी माझ्याकडे द्यायला सुरुवात केली, आणि जी गाडी तिने बिनधास्त चालवावी म्हणून ऑटोमॅटिक घेतली होती तिचा मूळ हेतूच तिथे संपला.

सीव्हीटीने हे एका झटक्यात सुटलं. आपल्याकडच्या बहुतेक सीव्हीटी गाड्यांत इंजिन आणि पुली यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. म्हणजे जोर तेलातून पोचतो, घासणाऱ्या क्लच प्लेटमधून नव्हे. चाक उंचवट्याला टेकलं तरी गाडी हलका दाब देत उभी राहते, किंचित रेस दिली की तो दाब तेवढाच वाढतो, चाक वर चढतं आणि ब्रेकवर पाय ठेवताच जिथल्या तिथे थांबतं. शिवाय लिव्हरला पी, म्हणजे गाडी जागेवर अडकवून ठेवणारं पार्क, आहे. बहुतेक एएमटींत पी नसतो, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा असतो. चढावर लावलेल्या गाडीत पी आणि हँडब्रेक दोन्ही असले की मला तरी शांत झोप लागते.

हेच तत्त्व घाटातल्या रांगेतही दिसतं. शनिवारी सकाळी वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणी घाटात अडकलेल्यांना वेगळं सांगायला नको. रांग गाडीभर पुढे सरकते, थांबते, परत सरकते, आणि सगळं चढावर. एएमटीत अशा वेळी काही जण ब्रेक न लावता रेसवरच गाडी चढावर तोलून धरतात. तसं करू नका, तो सगळा वेळ क्लच प्लेट घासत असते आणि तापत असते. ब्रेक लावा, पुढे पुरेशी जागा झाली की मगच निघा. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्या.

मोकळ्या घाटात मात्र एएमटीची बाजू वरचढ आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. उतरताना लिव्हर मॅन्युअलवर घेऊन दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर पाय क्वचित जातो. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना मला त्या गाडीचा फार आधार वाटायचा. सीव्हीटी नेहमीच्या डी मध्ये मोकळी सुटते, तिला लिव्हरच्या एस किंवा एल वर घ्यावं लागतं. तेव्हा ती धरते, पण दुसऱ्या गिअरइतकी घट्ट नाही. काही गाड्यांत स्टिअरिंगमागे पॅडल असतात, त्यांनी फरक बराच कमी होतो. ज्यांचं गावच घाटाखाली आहे, महिन्यातून दोनदा वरंधा किंवा ताम्हिणी ज्यांना चुकत नाही, त्यांनी या मुद्द्याला माझ्यापेक्षा जास्त वजन द्यावं.

दुसरी तक्रार आवाजाची. खंबाटकीच्या चढावर चार माणसं, सामान आणि एसी घेऊन ट्रक ओलांडायला पाय दाबला की सीव्हीटीत इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागाहून येतो. यालाच रबर बँड म्हणतात. पाय अर्ध्यावर ठेवून गाडीला वेळ दिला तर आवाज बराच आटोक्यात राहतो. एएमटीत याच जागी गिअरची शोधाशोध सुरू होते, तिसरा, दुसरा, परत तिसरा. माझ्या कानाला इंजिनाचा सलग आवाज परवडतो, मधला तुटकपणा नाही. हे प्रत्येकाच्या कानावर आहे.

इथे एक सावधगिरी. मॅग्नाइट आणि कायगर या गाड्यांत दोन्ही गिअरबॉक्स मिळतात, म्हणून लोक लागोपाठ दोन्ही चालवून निकाल लावतात. पण त्यांत एएमटी साध्या 1 लिटर इंजिनाला जोडलेली आहे आणि सीव्हीटी टर्बोला. मॅग्नाइटमध्ये टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 96 न्यूटन मीटर विरुद्ध 152. तिथे सीव्हीटी चपळ वाटते ती मुख्यतः टर्बोमुळे. गिअरबॉक्सची तुलना करायची तर डिझायर आणि अमेझ बऱ्या. इंजिनं वेगळी असली तरी टॉर्क 112 आणि 110, म्हणजे जवळपास सारखाच.

ॲव्हरेजच्या बाबतीत ऑटोमॅटिक पेट्रोल पिते ही भीती आता जुनी झाली. कागदावर डिझायर मॅन्युअल लिटरला 24.79 तर एएमटी 25.71 किलोमीटर देते, अमेझ मॅन्युअल 18.65 तर सीव्हीटी 19.46. दोन्हीकडे ऑटोमॅटिकचा आकडा वरचा आहे. रस्त्यावर हे आकडे दोन्हीत उतरत नाहीत, आणि गर्दीत सीव्हीटी एएमटीपेक्षा थोडी जास्त पिते असं मला वाटतं. डिझायर आणि अमेझमधला फरक तर कागदावरच मोठा आहे. रोजचं रनिंग पन्नास किलोमीटरच्या पुढे असेल तर हा हिशोब गंभीरपणे मांडा. सीएनजी हवी असेल तर प्रश्नच वेगळा. 2024 मध्ये टाटांनी टियागो आणि टिगोरला सीएनजीसोबत एएमटी दिली, आणि जास्त रनिंगवाल्याला मी आधी ती बघायला सांगेन.

दुरुस्तीतही एएमटी सोपी. क्लच प्लेट झिजली तर बदलता येते, आतला गिअरबॉक्स ओळखीचा आहे, तालुक्याच्या मेकॅनिकलाही त्याची भीती वाटत नाही. ॲक्च्युएटर बिघडला तर मात्र खर्च येतो. सीव्हीटीचं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर कोणी सहसा हातात घेत नाही आणि वॉरंटी संपल्यावर आत काही मोठं निघालं तर बिल जड असतं. तिचं तेल वेगळं असतं, पुस्तिकेत लिहिलेल्या वेळी तेच आणि तेवढंच घालायचं. सेकंडहँड सीव्हीटी घेणाऱ्याने या तेलाची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघितल्याशिवाय टोकन देऊ नये.

तेव्हा गाव लांब, सर्व्हिस सेंटर दूर, रनिंग भरपूर, अंगणात सपाट जागा, असं असेल तर एएमटी घ्या आणि वाचलेले पैसे टायर आणि विम्यावर घाला. शहरातल्या इमारतीत राहत असाल, पार्किंगला चढ असेल, घरात एकाहून जास्त जण चालवणारे असतील, तर जमल्यास सीव्हीटीकडे वळा. हप्ता थोडा वाढेल, पण घरातली प्रत्येक व्यक्ती गाडी बाहेर काढेल आणि स्वतःच आत लावेल.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमवाल्याच्या ठरलेल्या सरळ रस्त्यावर घेऊ नका. गाडी आपल्या इमारतीत आणायला सांगा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. एसी लावा, घरच्यांना मागे बसवा, आणि आपल्याच जागेत रिव्हर्सने लावून बघा, एकदा तुम्ही आणि एकदा घरात सगळ्यात कमी चालवणाऱ्या माणसाने. सेल्समनला गाडीतून उतरून खांबापाशी उभं राहायला सांगू नका.