तापाजोस रेडहेड जिओफॅगस: वर्षभर पाळल्यानंतर

दुकानात हे मासे बोटाएवढे, राखाडी आणि अगदी सामान्य दिसतात. बाजूच्या टाकीत फ्लॉवरहॉर्नसारखा भडक रंगाचा मासा असेल तर यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. रंगासाठी धीर हवा. माझ्याकडे सहा-आठ महिन्यांनी डोकं तांबूस झालं, अंगावर निळसर रेघा उमटल्या. 2022 मध्ये यांना जिओफॅगस पायरोसेफॅलस हे शास्त्रीय नाव मिळालं, पण दुकानदाराकडे ‘रेडहेड’च मागा. ‘सुरिनामेन्सिस’ ही खरं तर वेगळी जात, पण त्या नावाखाली जिओफॅगस गटातला कुठलाही मासा गळ्यात मारतात.

यांचा सगळा संसार वाळूवर. तोंड भरून वाळू घ्यायची, घोळवायची, खाण्याजोगं गिळायचं आणि उरलेली कल्ल्यांतून झरझर सोडायची, दिवसभर हेच. त्यामुळे रंगीत खडी बाद. धारदार कणांनी तोंड आणि कल्ले सोलवटतात. स्विमिंग पूलच्या फिल्टरची बारीक वाळू उत्तम. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, दीड-दोन इंच पसरा. कॅनिस्टरची (टाकीबाहेरच्या फिल्टरची) पाणी ओढणारी नळी वर घेऊन तिच्यावर स्पंज चढवा, नाहीतर आतला फिरता पंखा, म्हणजे इम्पेलर, वाळूने झिजतो. झाडं लाकडाला बांधलेलीच टिकतात: अॅनुबियास, जावा फर्न. वाळूत रोवलेलं सकाळी तरंगताना दिसतं!

खरी मेहनत पाण्याची. मूळ घर ब्राझीलमधली तापाजोस नदी, म्हणजे कोमट, मृदू (कमी क्षारांचं) पाणी. मी 28 अंश ठेवतो; पुण्यात थंडीत हीटर लागतोच. क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी यांना मानवतं. मात्र मे महिन्यात सोसायटीत बोअरचा टँकर आला की ते जड पाणी एकदम ओतू नका, थोडंथोडं बदला. बदलायचं मात्र नक्की, दर आठवड्याला निम्मं. पाणी खराब राहिलं की या जातीला डोक्यावर खड्डे पडण्याचा रोग चटकन लागतो.

स्वभावाने गरीब. आपसात तोंडाला तोंड लावून रेटारेटी होते, इजा होत नाही. टेट्रांसारख्या छोट्या माशांबरोबर छान राहतात, ऑस्करसारख्या दांडगट माशांबरोबर नको. पाच-सहांचा घोळका हवा, एकटादुकटा बुजतो. आता एका जोडीने सपाट दगडावर अंडी घातली. पिल्लं बाहेर पडताच आईबाप दोघांनीही ती तोंडात घेतली. हनुवटी फुगलेली, आणि एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात चक्क बदली! हे बघत मी चहा गार केला.

चार फुटांहून लहान टाकी असेल तर यांच्या वाटेला जाऊ नका. त्यात अपिस्टोग्रामा हे छोटे मासे ठेवा. तेही वाळू चाळतात आणि खर्चही कमी.