घाणेरी काढायची कुदळ: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या इमारतीमागची मोकळी जागा कित्येक वर्षं बेवारस होती. घाणेरीनं ती अशी व्यापली होती की आत पाय टाकायला वाट नाही. ही कुदळ घेण्याआधी आम्ही मशीनवाल्याकडून दोनदा सफाई करून घेतली आणि दोन्ही वेळा पाऊस पडताच बुंध्यांना आधीपेक्षा दाट धुमारे फुटले. वरून कापून घाणेरी मरत नाही, खोड आणि मूळ जुळतं तिथून ती पुन्हा फुटते.

या कुदळीचं पातं अरुंद आहे, जेमतेम तीन बोटं. म्हणूनच ती दाट जाळीत शिरते. बुंध्याजवळची माती सारायची, जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर सोटमुळावर तिरका घाव घालायचा आणि तुटलेलं झुडूप मुळं वर करून उलटं टाकायचं, म्हणजे ते परत माती धरत नाही. जून झुडपाला पाच-सहा घाव लागतात. अशी काढलेली झुडपं आमच्याकडे अजून तरी फुटलेली नाहीत.

दांडा मात्र निराशा करतो. दुसऱ्याच आठवड्यात पातं हलायला लागलं. रात्रभर पाण्यात भिजत ठेवलं की दोन दिवस घट्ट, लाकूड सुकलं की पुन्हा सैल. शेवटी नवी पाचर ठोकून घेतली. उंच माणसाला दांडा आखूडही पडतो, कंबर भरून येते.

काम हळू होतं, आणि मला तेच मोलाचं वाटतं. एकदा घाव घालायला वाकले तर तोंडासमोर बुलबुलाचं घरटं. कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेली वाटी, आत गुलाबीसर तीन अंडी, त्यांवर तांबडे ठिपके. मशीनच्या पात्याखाली हे दिसलंच नसतं. त्या झुडपाला चिंधी बांधली आणि पिल्लं उडेपर्यंत तो सगळा भाग सोडून दिला. तेव्हापासून विणीच्या दिवसांत कुदळ बंद. एरवीही आम्ही सगळी घाणेरी एकदम काढत नाही. एक तुकडा मोकळा करतो, तिथे इथलीच झुडपं लावतो, ती पाखरांना आडोसा देण्याइतकी वाढली की पुढचा तुकडा घेतो.

पाखरं घाणेरीची फळं खातात, त्यामुळे झाडांखाली तिची रोपं उगवत राहतात. त्यांना कुदळ नको, पावसात ती हातानं सहज उपटतात.

मधून आता पायवाट झाली आहे, संध्याकाळी म्हातारी माणसं तिथे फिरतात. पलीकडचा उताराचा कोपरा अजून बाकी आहे. त्यासाठी हेच पातं घेईन, दांडा वेगळा बसवून.