एक उबवणी पेटी, दोन गेको: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेको म्हणजे पाळीव पाली. त्यांची अंडी उबवायची आमची पेटी म्हणजे थर्माकोलचा खोका, हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई) आणि डिजिटल थर्मोस्टॅट (तापमान स्थिर ठेवणारं उपकरण). लेपर्ड गेकोसाठी घेतलात तर पैसे वसूल. क्रेस्टेड गेकोसाठी घेणार असाल, तर तेच पैसे एसीच्या बिलाला लागतील.

लेपर्डच्या पिल्लाचं लिंग अंड्याला मिळणाऱ्या तापमानावर ठरतं. 26-27 अंशांना जवळपास सगळ्या माद्या, 32 च्या आसपास बहुतेक नर. म्हणून थर्मोस्टॅटची दीड-दोन अंशांची चूकही महागात पडते. आमच्या पेटीत ही चूक सेन्सर झाकणाला चिकटवल्यामुळे होत होती: वरची हवा आणि अंड्यांच्या डब्यातलं व्हर्मिक्युलाईट (ओल धरणारा खनिजाचा हलका भुगा) यांचं तापमान वेगळं. सेन्सर अंड्यांशेजारी ठेवा आणि दुसऱ्या थर्मामीटरने ताडून बघा. व्हर्मिक्युलाईट आणि पाणी वजनाने समसमान. मुठीत दाबल्यावर थेंब गळला तर पाणी जास्त झालं. अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि ती बाजू वरच राहू द्या. गर्भ आत वरच्या बाजूला चिकटतो, अंडं उलटलं तर मरू शकतो. 27 अंशांना साधारण दोन महिने, 32 ला दीड महिना लागतो.

क्रेस्टेड मूळचा पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. 1994 साली पुन्हा सापडेपर्यंत तो नामशेष झाला असंच मानत होते. त्याच्या अंड्यांना पेटी नको, 22 ते 25 अंशांची खोली पुरते, फक्त धीर हवा: अडीच-तीन महिने, कधी जास्तच. खरी पंचाईत मोठ्या जनावरांची. 28 च्या वर ती खाणं सोडतात, आणि विदर्भातल्या मे महिन्यात एसीशिवाय हा जीव पाळूच नये.

दोन्हींत मादी एका वेळी दोन अंडी घालते. जोडी लावण्याआधी वजन करा: लेपर्ड किमान 50 ग्रॅम, क्रेस्टेड 35. क्रेस्टेडचं तोंड हलकेच उघडून टाळूजवळच्या पांढऱ्या कॅल्शियमच्या पिशव्याही पाहा. जोडी लावल्यावर त्या रिकाम्या दिसल्या तर नर लगेच वेगळा करा. तरी अंडी थांबतीलच असं नाही, कारण मादी शुक्राणू काही महिने साठवून ठेवते. कॅल्शियम संपत आलं की आधी बोटं थरथरतात, मग जबडा मऊ पडतो; थरथर दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अंडी घालायला लेपर्डला ओल्या मॉसचा (शेवाळाचा) झाकणाचा डबा, क्रेस्टेडला 8-10 सेंटीमीटर ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट उथळ असेल तर मादी पिंजराभर उकरत फिरते आणि अंडी भलतीकडे, कोरड्यात टाकते. मग ती सुरकुतलेलीच हाती येतात.